एकेचाळीस कागद

बशीरभाईंची मुलगी नेमकं काय शिकते, हे राजुऱ्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं, खुद्द बशीरभाईंनाही नाही. कोळशाच्या ट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवून त्यांची बोटं सोलून निघालेली आणि डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसेनासं झालेलं. पण दुकानात टेकलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते छाती फुगवून सांगायचे, "आपली सायमा एमबीए करून राह्यली. माणसं सांभाळाचं शिक्षण हाय." एखादा ड्रायव्हर चिडवायचा, "माणसं सांभाळाले शिक्षण काऊन लागते भाई?" त्यावर बशीरभाईंचं उत्तर तयार असे. "इथची नाई रे बाबा, देशोदेशीची."

विषयाचं नाव खरंच तेवढं लांबलचक होतं. आंतरराष्ट्रीय व्यवसायातील मनुष्यबळ व्यवस्थापन. चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात सायमा जायची, तिथे या विषयाला चौदा पोरं होती आणि त्यांतल्या तेरांनी अजून नागपूरपुढचा देश पाहिला नव्हता. जपानी माणसाचं कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, जर्मन साहेबाकडे पाच मिनिटंही उशिरा जायचं नाही, असलं सगळं पुस्तकात होतं. एक अख्खं प्रकरण असंही होतं की काही समाजांत माणूस आपापलं ठरवतो आणि काही समाजांत सगळे मिळून एकच ठरवतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना एकेकटं गाठून मत विचारलं की गफलत होते. सायमाने परीक्षेत यावर अडीच पानं लिहिली आणि वीसपैकी सतरा मार्क मिळवले. हे सतरा मार्क लक्षात असू द्या.

शेवटच्या सत्रात दोन महिने एखाद्या कंपनीत जाऊन प्रकल्प करायचा असतो. सायमाला मिळाली ती गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला खेटून उभी असलेली बांबूच्या फळ्यांची फॅक्टरी. इथला बांबू तिथे चिरायचा, उकळायचा, चिकटवायचा, घासायचा. मग त्या फळ्या जहाजात बसून कुठल्याशा थंड देशात जायच्या आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमिनीवर अंथरल्या जायच्या. मालक त्या थंड देशात, वरचं ऑफिस सिंगापुरात, आणि कामाला दोनशे त्रेपन्न माणसं आसपासच्या खेड्यांतली. सायमा गोंडपिपरीला नाहीद खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला गेली. फॅक्टरीत तिच्या डोक्यावर होते वैरागडे सर, एचआर मॅनेजर. वैरागडे सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. या गोष्टीत वाईट माणूस कोणीच नाही. असता तर निदान त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

सायमाला काम दिलं ते पाहणीचं. कंपनीच्या अकरा देशांतल्या अकरा फॅक्टऱ्यांत दरवर्षी एकच छापील फॉर्म भरून घेत. बावीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपल्याला पटेल त्या चेहऱ्यावर खूण करायची. सगळ्यात शेवटी एक मोकळा प्रश्न. तुमच्या कामात एकच गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलाल? नाव कुठेही लिहायचं नाही. सायमाने सगळ्याचं मराठी केलं, आणि चांगलं केलं. तेवढ्यावर खूश होऊन वैरागडे सरांनी तिला आणखीही एक मजकूर मराठीत करायला दिला. कामावर न आलेल्या माणसाच्या मोबाइलवर मशीन आपोआप पाठवतं तो.

"रिपोर्ट चांगला झाला पायजे," वैरागडे सर म्हणाले. "सिंगापूरच्या मॅडमले इथची लोकल मुलगी पायजेच आहे. पर्मनंटचं मी पाहतो."

पर्मनंट. त्या एका शब्दाने सायमाच्या पोटात फुलपाखरू-बिरू काही उडालं नाही, सरळ अब्बांचे डोळे आले समोर. नोकरी लागली तर अब्बांचं शिलाईमशीन कायमचं ताडपत्रीखाली झाकून ठेवता येईल आणि अब्बांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेता येईल. तिला हेच हवं होतं, आणि यात चूक काय होती?

दोनशे बारा माणसांनी फॅक्टरीतच फॉर्म भरले. राहिले एकेचाळीस. हे सगळे तोडेगुडा नावाच्या एकाच गावचे, जंगलातले. ते म्हणाले, बाई, तुम्हीच आमच्या गावाला या, तिथे सांगतो.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सायमा कंपनीच्या गाडीतून निघाली. गाडी डांबरी रस्त्यावरच्या फाट्याला थांबली. पुढे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्हीकडे दाट रान, आणि कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही असा कंपनीचा नियम. फाट्यावर दोन बाप्ये आणि एक बाई वाट पाहत उभी होती.

"एकटी कशी येशीन बाई, म्हून आलो घ्याले," ती बाई म्हणाली. तीच बुधरी. चोविशीची असेल, फळ्या घासायच्या मशीनवर काम करायची. तिच्या गळ्यात कंपनीचे काळे सेफ्टी बूट नाड्यांनी बांधून लटकवलेले होते आणि पाय अनवाणी.

"बूट घालत का नाहीस?" सायमाने विचारलं.

"गेटावर घालतो ना. इथी घातले त झिजतेत."

"मग आज रविवारी कशाला आणलेस?"

"तुमी कंपनीच्या ना! बिनाबुटाची दिसली त गैरहजर मांडान," बुधरी म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. सायमालाही हसू आवरलं नाही. वाटेवर त्यांनी तिला मधे घेतलं, एक पुढे, एक मागे, बुधरी बाजूला. ही इथली रीतच होती. या वाटेवर कोणी कोणाला एकटं सोडत नसे आणि नवख्या माणसाला कडेने चालू देत नसे.

गावात सगळे गोटुलासमोर जमले होते, म्हणजे गावाच्या बसाउठायच्या जागेपुढे. बुधरीची सासू नीलाबाई, तिने गुळाचा काळा चहा आणि मूठभर चारोळी पुढे केली. "आमच्या हातचं चालते ना बाई तुमाले?" असं भीतभीत विचारलं, आणि सायमाने चारोळी तोंडात टाकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. सायमाने फॉर्म वाटले. पाहणीचे नियम तिला पाठ होते. "प्रत्येकाने शांतपणे, एकेकट्याने भरा. दुसऱ्याचं पाहू नका. दुसऱ्याला विचारू नका."

गाव हसलं. म्हातारा सुकलू, ज्याच्या शब्दाला गावात मान होता, त्याने समजावलं. "बाई, आमच्या इथी तसं नाई होत. एकानं एक सांगतलं अन् दुसऱ्यानं दुसरं, त गावात भांडन लागते. आमी बसतो, बोलतो. मंग सब्बायचं एक."

आणि ते बसले. दोन तास बोलले, थोडं मराठीत, पुष्कळसं गोंडीत. बायका बोलल्या, तरणी पोरं बोलली, दोनदा आवाज चढले आणि दोनदा सुकलूने ते उतरवले. अर्धा तास तर एकाच गोष्टीवर गेला. बोलताना त्यांच्यात कोणी वाघाचं नाव घेत नसे, नुसतं 'तो' म्हणत. पण कागदावर नाव लिहायचं की नाही? शेवटी ठरलं की लिहायचं, कारण 'तो' म्हणजे कोण हे दूरदेशीच्या साहेबाला कसं कळावं. मग बुधरीचा नवरा धनराज, गावातला बारावी झालेला एकुलता एक, मांडीवर पाट घेऊन बसला आणि त्याने एकेचाळीस कागदांवर एकच मजकूर लिहिला. 'गाडी फाट्यावर थांबते ती गावात आली पाहिजे. सकाळच्या पाळीले अंधारात चालत जावं लागते आणि वाटेवर वाघ आहे.' चेहरेही सगळ्यांचे एकच, मधला. ना रडका ना हसरा.

बुधरीने आपला कागद मागून घेतला आणि कोपऱ्यात पेनाने छोटीशी फणी काढली, दातांसकट.

"अगं, खूण नाही करायची," सायमा म्हणाली. "कोणाचा कागद ते कळायला नको."

"मंग बुधरीनंई सांगतलं होतं, हे साहेबाले कसं समजन?"

सायमाने तो कागद तसाच ठेवून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि सिंगापूरच्या मॅडमशी बोलणं झालं, पडद्यावर. मॅडम गोड होत्या. त्यांनी सायमाच्या ओढणीच्या रंगाचं कौतुक केलं, राजुरा कुठे आहे ते नकाशावर पाहिलं. मग म्हणाल्या, एक अडचण आहे. कॉम्प्युटरने तोडेगुड्याच्या एकेचाळीस ओळी लाल केल्या होत्या. शब्द न् शब्द सारखा. म्हणजे एक तर एकाच माणसाने बसून भरलंय, नाही तर कोणीतरी डोक्यावर उभं राहून भरून घेतलंय.

"मॅडम, त्या गावात सगळे मिळून ठरवतात," सायमा म्हणाली. "तशी पद्धतच आहे. मी तिथे होते."

"असेलही," मॅडम म्हणाल्या. "पण नियम अकरा देशांना एकच आहे. एकसारखी उत्तरं म्हणजे दबाव. तुम्हाला ती एकेचाळीस धरायची असतील तर आपण बाहेरच्या लोकांकडून चौकशी करून घेऊ; तोवर हा रिपोर्ट थांबेल आणि तुमच्या नेमणुकीचाही विचार पुढच्या वर्षी करू. किंवा ती एकेचाळीस मिळून एकच उत्तर धरा. तुम्ही तिथल्या आहात, तुम्हाला जास्त कळतं. तुम्हीच ठरवा."

अशी ही गंमत. ज्यांना ठरवता आलं असतं त्यांनी ते हळूच एका शिकाऊ मुलीच्या ओंजळीत टाकलं. वैरागडे सर टेबलाकडे पाहत पेनाचं टोपण उघडझाप करत होते. सायमाला ते प्रकरण आठवलं, अडीच पानं आठवली, सतरा मार्क आठवले. तिला सगळं कळत होतं. न कळून झालेली चूक ही नव्हे. या मुलीचा कितीही कळवळा आला तरी एवढं म्हणावंच लागेल.

"एक धरते, मॅडम," ती म्हणाली.

एकेचाळीस धरले असते तर गाडीची मागणी सगळ्यांत वर गेली असती. दुसऱ्या गावांतल्याही बाराजणांनी तेच लिहिलं होतं. आता ती सातव्या नंबरावर गेली, आणि कंपनी पहिल्या तीनच मागण्या पुऱ्या करत असे. कँटीनमध्ये टीव्ही लागला. थंड पाण्याचं मशीन आलं. डबे ठेवायला कप्पे झाले. तोडेगुड्याच्या कागदांना रबर लावून, वर 'अवैध' असा शिक्का मारून सायमाने ते आपल्या कपाटात ठेवून दिले. प्रकल्पाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर विचारलं की माहितीची एवढी नीट साफसफाई करायला कुठे शिकलीस. फेब्रुवारीत नेमणुकीचं पत्र आलं. बशीरभाईंनी आख्ख्या बाजारात पेढे वाटले आणि मशीनवर आपल्याच हातची एक ताडपत्री पांघरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बुधरी गेली.

सकाळच्या पाळीला तोडेगुड्याची नऊ माणसं सव्वाचारला गावातून निघाली होती. थोडं अंतर गेल्यावर बुधरीच्या लक्षात आलं की गेटावर दाखवायचं कार्ड घरीच राहिलं. कार्ड नसेल तर आत घेत नाहीत, दिवस गैरहजर लागतो. गाडी फाट्यावरून पाचला सुटते, कोणासाठी थांबत नाही. एरवी सगळेच्या सगळे मागे फिरले असते. आजवर तसंच होत आलं होतं. पण मग नऊजणांची गैरहजेरी लागली असती. बुधरीच म्हणाली, तुमी व्हा पुढं, गाडी धरून ठेवा, मी आलीच धावत. धनराजने थोडा वेळ वाट पाहिली आणि तोही चालू लागला. फाट्यावर ड्रायव्हरला त्यांनी दहा मिनिटं कशीबशी थांबवलं, तरी ती आली नाही. मग उजाडायच्या सुमाराला ते तिला शोधायला उलटे गेले, तेव्हा वाटेत आधी बूट सापडले, नाड्यांनी एकत्र बांधलेले. कार्ड तिच्या मुठीत होतं. बाकीचं इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी वैरागडे सरांनी सायमाला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. दोन रात्री झोपले नसावेत. "फार वाईट झालं," ते म्हणाले आणि त्यांना तसं खरंच वाटत होतं. "कुटुंबाले मदत द्यायची म्हणून मी सिंगापूरच्या मागं लागलो. मंजूर झाली. फक्त एका कागदावर गावाच्या सह्या पायजेत."

कागद एकच पानाचा होता. घटना फॅक्टरीच्या हद्दीबाहेर घडली. या रस्त्याबाबत कामगारांनी यापूर्वी कधीही तक्रार केली नव्हती.

सायमाने ती ओळ दोनदा वाचली. "सर, ते फॉर्म..."

"कोणते फॉर्म? ते रद्द झाले ना?" वैरागडे सरांनी तिच्याकडे न पाहता विचारलं. "काम झाल्यावर कच्चे कागद ठेवायचे नसतात सायमा, मशीनमधून काढून टाक. हे झालं नाई तर मदत अडकन. तिच्या नवऱ्याचा विचार कर."

कपाटातून गठ्ठा काढून ती कागद फाडायच्या मशीनपाशी गेली. रबर काढलं. तिसऱ्या की चौथ्या कागदाच्या कोपऱ्यात फणी होती. दात मोजता येतील इतकी स्पष्ट. सायमाला तिथेच रडू कोसळलं. तिने काही ठरवलं-बिरवलं नाही. कोणीतरी येतंय असं वाटून गठ्ठा पर्समध्ये कोंबला, उद्या बघू म्हणून.

सह्या घ्यायला गाडीने तिला फाट्यावर सोडलं. तिला न्यायला सहाजण आले होते, हातात काठ्या घेऊन. तिला मधे घेतलं आणि चालू लागले.

गोटुलासमोर सगळं गाव होतं. उरलेल्या चाळिसांतलं कोणी तीन दिवस कामावर गेलं नव्हतं. सायमा बसली तशी नीलाबाईने आपल्या पदराच्या गाठीतून एक मोबाइल काढला. "बाई, हे वाचा बरं. बुधरीचा फोन हाय. तीन दिवस झाले, रोज वाजते. मले वाचता नाई येत, अन् धनराज हात नाई लावत त्याले."

सायमाने वाचलं. 'नमस्कार बुधरी. आपण आज विनापरवानगी गैरहजर आहात. आपली अनुपस्थिती आम्हाला जाणवते. कृपया कारण कळवा.' तिचंच मराठी. 'अनुपस्थिती जाणवते' हे वाक्य जमलं म्हणून तिला तेव्हा किती आनंद झाला होता!

"काय म्हनते?" नीलाबाईने विचारलं.

"कंपनीचा आहे," सायमा म्हणाली. "आता नाही येणार. मी बंद करते."

मग तिने तो कागद काढला. सुकलू म्हणाला, वाचून दाखवा, तुम्ही म्हणता तिथे अंगठा देऊ. तिने वाचला. शेवटच्या ओळीपाशी तिचा आवाज बारीक झाला, पण वाचली.

सुकलूला नीट ऐकू आलं नसेल असं तिला क्षणभर वाटलं. त्याने मान वर केली. "तक्रार केली नव्हती, असं लिवलं का? पर आमी त सांगतलं होतं ना बाई. तुमीच त लिवून घेतलं."

"ते..." सायमा म्हणाली. "मला नीट माहीत नाही. वर गेलं होतं सगळं. मग पुढे काय झालं, ते..."

हे तिने सांगितलं खरं. ते खोटं होतं, आणि समोरच्या कोणाच्याही डोळ्यांत संशय नव्हता. उलट नीलाबाईच तिच्या बाजूने सुकलूला म्हणाली, "बाईले काऊन विचारता? बाईनं त दिलंच असन. लेकीसारखी येऊन बसली, आपल्या हातची चारोळी खाल्ली. ती नाई दाबाची. वरच्याइनंच आयकलं नाई."

नीलाबाईने कानफटात मारली असती तर ते सायमाला सोसलं असतं. हे सोसलं नाही. तिने पर्स उघडली आणि गठ्ठा बाहेर काढून जमिनीवर ठेवला. सगळ्यांत वर शिक्का होता, त्याखाली धनराजचं अक्षर.

"दिलं नाही," ती म्हणाली. "तुमचे एकेचाळीस कागद माझ्याच कपाटात होते. सगळ्यांचं सारखं होतं म्हणून ते एकच धरा असं वरून आलं. मी एकच धरलं. माझी नोकरी होती त्यात."

एक कोंबडी मधूनच चालत गेली. नीलाबाईने वाकून कागद चाळायला घेतले. वाचता येत नसूनही एकेक पाहत होती, आणि फणीच्या कागदाशी थांबली. त्यावर बोट ठेवलं.

"सब्बायचं एकच होतं, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आमी एकच सांगतलं होतं. तुमी एक धरलं, ते काई चूक नाई."

नीलाबाईने बोट उचलून सायमाकडे पाहिलं.

"पर त्या एकाचं काय केलं?"

उत्तर सायमापाशी होतं. सातवा नंबर, कँटीनमधला टीव्ही, थंड पाणी, डब्यांचे कप्पे. पण ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

गाव पुन्हा बसलं. या वेळी दोन तास लागले नाहीत. गोंडीत चार शब्द झाले आणि सुकलूने कंपनीचा कागद घडी करून तिच्या हातात परत दिला. "अंगठा नाई देत," तो म्हणाला. "मदत नाई भेटन त नाई. हे आमचं सब्बायचं." आणि एकेचाळीस कागदांचा गठ्ठा त्याने धनराजकडे दिला. सायमाने तो मागितला नाही. आपली नोकरी आता गेली, हे तिला कळलं. अब्बांना ताडपत्री काढावी लागेल, हेही कळलं. त्याचं दुःख झालं नाही असं नाही. पण इथे बसून त्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे एवढी अक्कल तिला अजून शिल्लक होती.

परतायची वेळ झाली. ऊन कलायला लागलं होतं. "मी जाईन," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ."

"एकटी कशी जाशीन?" नीलाबाई म्हणाली. शब्द बुधरीचेच.

कामावरचे सगळे उठले. बाया, बाप्ये, सगळे. तिला मधे घातलं आणि वाट धरली. ज्या बाईने त्यांचं म्हणणं कपाटात कोंडलं तिलाही त्यांनी कडेने चालू दिलं नाही. कोणी रागाचा शब्द काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला चालताना सारखं वाटत होतं. वाटेत एके ठिकाणी सगळ्यांची चाल एकदम घाईची झाली. तिने विचारलं नाही.

धनराज तिच्या बाजूने चालत होता. गठ्ठा त्याने शर्टाच्या आत घातला होता. फाटा जवळ आला तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, एकेचाळीस डाव लिवलं म्या. हात दुखला होता. बुधरी म्हने, एकच लिव अन् गोंडपिपरीले जाऊन झेरॉक्स कर. म्या म्हनलं, नाई. झेरॉक्स दिली त साहेब म्हनतीन, हे खरं नोय."

फाट्यावर गाडी उभी होती. ड्रायव्हरने उशीर झाला म्हणून दोनदा हॉर्न वाजवला. सायमा चढली, काच खाली केली.

"उद्या येणार कामावर?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"येऊ ना," धनराज म्हणाला. "पाचले गाडी हाय."

ते वळले आणि आले तसे एका घोळक्याने रानात शिरू लागले. गाडी सुरू झाली तरी सायमाने मान मागेच ठेवली. तेव्हा जे करायला हवं होतं ते ती आता करू लागली, बोट दाखवत एकेक डोकं वेगळं मोजणं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. झाडी आडवी आली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.